दोन बोटांचं अंतर

गाड्यांचा नाद असलेल्या लोकांकडे उंची मोजायचं एक खास एकक असतं. बोट. टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यामधल्या फटीत किती बोटं शिरतात ते बघायचं. चार शिरली तर गाडीला "बैलगाडी" म्हणायचं, दोन शिरली तर मागे सरकून, मान तिरकी करून म्हणायचं, "आता कशी दिसतीया बघ!"

हे वाक्य माझ्या लॅबमधल्या कोल्हापूरच्या मित्राचं. जर्मनीत येऊन तीन वर्षं पै-पै साठवून त्याने एक जुनी टोयोटा जीटी ८६ घेतली. मग तिला बाजारातून आणलेले कॉइलओव्हर बसवले. कॉइलओव्हर म्हणजे ज्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात असा शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. आट्यांवरची रिंग वर-खाली फिरवली की गाडीची उंची बदलते. त्याने रिंगा फिरवल्या, गाडी खाली बसली, फटीत नेमकी दोन बोटं उरली. पठ्ठ्याला स्वर्गही तेवढाच उरला होता. मला म्हणाला, "अगं, तू ह्यातलीच ना? बघ की जरा, ठीक हाय न्हवं?"

मी गाडीभोवती एक फेरी मारली, रिंगा चारही घट्ट आहेत का पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

ठीक नव्हतं. दोन आठवड्यांनी पावसात आम्ही हायवेवरून खाली उतरणाऱ्या गोल वळणावर होतो. वेग साठच्या आसपास, म्हणजे त्या वळणाला काहीच नाही. वळणाच्या मध्यात पुलाचा लोखंडी सांधा होता. पुढची चाकं त्यावरून गेली, "थड्" असा कोरडा आवाज आला, आणि पुढचा क्षणभर स्टीअरिंग वळलेलं होतं पण गाडी सरळ चालली होती. समोर कठडा. मित्राने ॲक्सिलरेटर सोडला, पुढच्या टायरांनी पुन्हा रस्ता पकडला आणि आम्ही वळलो. नंतर दहा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

आता गंमत ऐका. शॉकअपच्या दांड्यावर एक फोमचा ठोकळा असतो, त्याला बम्प स्टॉप म्हणतात. मी पीएचडी करतेय ती नेमकी त्या फोमवर. रोज मशीनमध्ये तो दाबते, सोडते, आलेख काढते. आणि मित्राच्या गाडीत तो किती लांब आहे, हे बघायचं मला सुचलं नाही. म्हणून हा लेख. गाडीची उंची बदलताना खरं काय बदलतं, ते एकदा नीट मांडते.

रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते का?

नाही. हा सगळ्यात लोकप्रिय गैरसमज, म्हणून आधी तोच घेऊ.

जीटी ८६चं वजन साधारण १२४० किलो. त्यातलं ५३ टक्के पुढच्या चाकांवर. म्हणजे पुढच्या एका चाकावर सुमारे ३३० किलो. त्यातून चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालच्या गोष्टींचे ४० किलो वजा करा. स्प्रिंगवर उरतात २९० किलो. आता समजा स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला ६ किलो भार लागतो. मग गाडी नुसती उभी असताना ही स्प्रिंग २९० भागिले ६, म्हणजे जवळपास ४८ मिमी दबलेली असणार.

रिंग १० मिमी वर चढवली तर काय होईल? गाडीचं वजन तेवढंच, स्प्रिंगही तीच. मग ती ४८ मिमीच दबणार. फक्त तिचं बूड १० मिमी वर गेलं, म्हणून तिच्यावर बसलेली गाडीही १० मिमी वर गेली. पाट उंचावर ठेवला म्हणून त्यावर बसणारा जड होत नाही, तसंच. रिंग इतकी चढवली की गाडीच्या वजनाने स्प्रिंग अजिबात दबेना, तरच गोष्ट वेगळी होते. तोपर्यंत रिंग म्हणजे फक्त उंचीची रिंग.

एक बारकावा. पुढे स्प्रिंग जवळजवळ चाकाच्या वरच उभी असते, म्हणून रिंग १० मिमी फिरली तर गाडी साधारण १० मिमी हलते. मागच्या बाजूला स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मध्ये कुठेतरी टेकते. तिथे आम्ही रिंग १० मिमी फिरवली तर मडगार्डपाशी १३ मिमी फरक पडला. तरफेचं शाळेतलं गणित. म्हणून "चारही रिंगा सारख्या फिरवल्या" म्हणजे "गाडी चारही बाजूंनी सारखी बसली" असं होत नाही.

उंची म्हणजे शिल्लक

गाडी खड्ड्यावरून किंवा उंचवट्यावरून जाते तेव्हा चाक वर येतं आणि शॉकअपचा दांडा आत जातो. आत जायला किती जागा आहे हे ठरलेलं असतं. जागा संपत आली की दांड्यावरचा फोमचा ठोकळा शॉकअपच्या डोक्याला टेकतो. मित्राच्या किटमध्ये रिंग खाली घेतली की गाडी खाली येते, पण ती येते दांडा आत ढकलूनच. म्हणजे उंची जितकी कमी, तितकी ही जागाही कमी. बँकेतल्या शिल्लकीसारखं समजा. दिसण्यासाठी जे मिलिमीटर खर्च केलेत, ते खड्ड्याला द्यायला उरत नाहीत.

त्याने किट बसवलं तेव्हा गाडी मूळ उंचीपेक्षा ३० मिमी खाली होती आणि पुढे ४५ मिमी जागा शिल्लक होती. मग दोन बोटांच्या नादात त्याने ती आणखी २५ मिमी खाली घेतली. उरले २० मिमी.

"निम्म्याहून कमी झाली, एवढंच ना?" एवढंच नाही. धक्क्याची ऊर्जा स्प्रिंग दबून गिळते आणि ती ऊर्जा अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. अंतर निम्मं केलं तर तेवढाच धक्का गिळायला चौपट कडक स्प्रिंग लागते. ४५ चे २० केले तर पाचपट. आमची स्प्रिंग तर तीच होती. मग उरलेली ऊर्जा कोणी गिळायची? त्या फोमने.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, आत अगणित बारीक हवेचे कप्पे असलेला. दाबायला लागलो की सुरुवातीला तो मऊ वागतो, कारण कप्प्यांच्या भिंती वाकत असतात. दाबत गेलो की कप्पे मिटत जातात, भिंतीला भिंत लागते आणि मग तो एकदम कडक होतो. माझ्या आलेखावर ही रेघ आधी आळसावलेली जाते आणि शेवटी भिंतीसारखी उभी चढते. बम्प स्टॉप वाईट वस्तू नाही. कारखान्यातून येणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये त्याचा मऊ भाग मुद्दाम स्प्रिंगच्या मदतीला वापरतात. प्रश्न आलेखाच्या त्या उभ्या भागात जाऊन आदळण्याचा आहे.

त्या वळणावर काय झालं

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरची स्प्रिंग त्यातच १५-२० मिमी सहज दबते. म्हणजे आमची शिल्लक सांधा यायच्या आधीच संपली होती. फोम टेकलेला होता. त्यात सांध्याचा धक्का आला आणि पुढच्या बाहेरच्या चाकाशी स्प्रिंग जणू उरलीच नाही. गाडीचा तो कोपरा एका क्षणात कडक झाला.

कडक झाला तर पकड का जावी? टायरची पकड भारासोबत वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. दोन टायरांवर ३००-३०० किलो असतील तर दोघांची मिळून जी पकड मिळते, ती ५०० आणि १०० अशी वाटणी केल्यावर मिळत नाही. एकूण तेवढंच असूनही कमी पडते. पुढचा भाग अचानक कडक झाला की वळणातला जास्त भार पुढच्याच बाहेरच्या चाकावर येतो, आतलं चाक हलकं पडतं. शिवाय धक्क्याने टायर रस्त्यावर आदळतो आणि उसळतो, भार क्षणात वाढतो, क्षणात घटतो. ओल्या रस्त्यावर एवढं पुरतं. पुढची चाकं घसरली, गाडी सरळ निघाली.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. कागदावर.

खाली घेतलेली गाडी जास्त कलते?

आता तुम्ही म्हणाल, गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, मग ती कमी कलायला हवी. अर्धं बरोबर आहे.

जीटी ८६चा गुरुत्वमध्य मुळातच खाली आहे. टोयोटाने तो सुमारे ४६० मिमी सांगितला होता. आडवं, बॉक्सर पद्धतीचं इंजिन घेण्याचा तो मोठा फायदा. तो आणखी खाली आणला तर वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार खरंच कमी होतो.

पण गाडी किती कलेल हे नुसत्या गुरुत्वमध्यावर ठरत नाही. सस्पेन्शनच्या रचनेमुळे गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर म्हणजे गाडीला कलवणाऱ्या तरफेची लांबी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत खालचा आर्म साधारणपणे चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो आडवा होतो, आणखी घेतली की चाकाकडे चढता होतो. आर्म असा फिरला की रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली पडतं.

फक्त समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा गुरुत्वमध्य ४६० वर आहे आणि पुढचं रोल सेंटर ६० वर. तरफ ४०० मिमी. गाडी ५० मिमी खाली घेतली, गुरुत्वमध्य ४१० वर आला, पण रोल सेंटर १०० मिमी पडून जमिनीखाली ४० वर गेलं. तरफ झाली ४५०. स्प्रिंग तीच असेल तर गाडी आधीपेक्षा जास्त कलणार. आणि जास्त कलली म्हणजे बाहेरची स्प्रिंग जास्त दबणार. जिथे शिल्लक आधीच कमी, तिथेच खर्च वाढला. म्हणूनच थोडी खाली घेतलेली गाडी सुधारते आणि फार खाली घेतलेली बिघडते. मध्ये कुठेतरी उतार संपून चढ लागतो, आणि तो बोटं घालून कळत नाही.

मग उंची लावायची कशी?

पुढच्या शनिवारी आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानेच सांगते.

पहिलं, मापाची जागा बदला. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको. टायरची झीज आणि हवा त्यात येत नाही. जमीन मात्र सपाट हवी. आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून, आपल्याकडे गवंडी करतात तसं, चारही चाकांखालची पातळी पाहिली. गॅरेजची फरशी एका कोपऱ्यात ६ मिमी खाली निघाली. तिथे पत्रे घातले.

दुसरं, गाडी चालते तशी भरा. टाकी अर्धी, टायरमध्ये योग्य हवा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतका भार. आम्ही आशियाई दुकानातून आणलेल्या तांदळाच्या पिशव्या आणि पुस्तकांची खोकी ठेवली.

तिसरं, जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका. गाडी खाली येताना चाकं बाहेर सरकू पाहतात, पण टायर जमिनीला चिकटून बसतात आणि गाडी खोटीच उंच राहते. दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, मग मोजा.

चौथं, आणि हे बहुतेक जण विसरतात: रबरी बुश. आर्मच्या टोकाशी असलेल्या रबराच्या आतली नळी बोल्टने आवळलेली असते. आर्म हलला की रबर पिळतं. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक छोटी स्प्रिंग बनतं, उंचीचं माप चुकवतं आणि लवकर फाटतं. म्हणून उंची लागली की चाकांवर भार असताना हे बोल्ट ढिले करून पुन्हा कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळायचे आणि परत मोजायचं. आमची गाडी एवढ्यानेच ७ मिमी खाली आली.

पाचवं, चार कोपरे. गाडी म्हणजे चार पायांचा चौरंग. एक पाय लांब केला की तो पाय आणि त्याच्या तिरकस समोरचा पाय जास्त भार घेतात, बाकीचे दोन हलके होतात. दिसायला गाडी सरळ, पण डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागते. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले की हे दिसतं. तिरकस जोडीची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ आणायची. हे करताना अँटी-रोल बारचा दुवा एका बाजूने सोडून ठेवा, नाहीतर तो पिळून खोटे आकडे देतो. काटे नसतील तर निदान डाव्या-उजव्या बाजूची मापं जुळवा.

सहावं, शिल्लक मोजा. शॉकअपच्या दांड्यावर प्लास्टिकची एक केबल टाय बांधा आणि ती खाली शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेवा. गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवून आणा. दांडा आत गेला की टाय वर ढकलली जाते आणि परत येताना तिथेच राहते. ती फोमला जाऊन भिडली असेल तर शिल्लक संपते आहे. सगळ्या लेखातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक उपकरण हेच.

शेवटी व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतातच, म्हणून ते आधी करून उपयोग नाही. दिव्यांचा झोतही पुन्हा लावा. आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळी मापं एकदा परत घ्या, कारण नवीन भाग थोडे बसतात.

काही किटमध्ये शॉकअपचा खालचा भागही आट्यांवर फिरतो, त्यामुळे दांड्याची जागा न खाता उंची कमी करता येते. चांगली सोय आहे. पण मग टायर वर जाऊन मडगार्डच्या आतल्या अस्तराला फोमच्या आधी लागणार नाही ना, हे बघावं लागतं. शिल्लक एका खात्यातून वाचली तरी दुसऱ्या खात्यात बघावीच लागते.

आपल्याकडे

जर्मनीत हे प्रकरण कागदावरही येतं. किटसोबतच्या तपासणी अहवालात उंचीची मर्यादा दिलेली असते, आणि बदलाची नोंद करताना चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं मापही लिहिलं जातं. दोन बोटांची आमची गाडी त्या मर्यादेच्या बाहेर होती. त्यादिवशी काही झालं असतं तर विमा कंपनीपुढे आम्ही काय सांगणार होतो, देव जाणे.

हे वाचून पुण्याहून माझा चुलतभाऊ विचारेलच, "ताई, स्विफ्टच्या स्प्रिंगा कापून घेतल्या तर?" नको रे बाबा. स्विफ्टलाही पुढे मॅकफर्सन स्ट्रटच आहे, म्हणजे रोल सेंटरचं वरचं सगळं गणित लागू. कापलेल्या स्प्रिंगचं टोक नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबलं की ती जागची सुटू शकते. सहा वेढ्यांची एक कापली तर ती सुमारे २० टक्के कडक होते, पण शिल्लक त्याहून कितीतरी जास्त घटते. त्यात आपले स्पीडब्रेकर. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मनाई आहे, हेही लक्षात ठेव.

आमची गाडी आता मूळ उंचीपेक्षा ३० मिमी खाली आहे. परवा पाऊस होता, त्याच वळणावरून, त्याच सांध्यावरून आम्ही मुद्दाम गेलो. आवाज आला, पण गोल, मऊ. घरी येऊन चाक काढलं. केबल टाय आणि फोम यांच्यामध्ये ८ मिमी दांडा कोरा होता. मित्राने मडगार्डच्या फटीत बोटं घालून पाहिली. तीन. थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "असू दे. दिसती बरीच की."

आणि मी? आता कोणी "बघ, ठीक आहे ना?" विचारलं की फेरी मारत नाही. खाली वाकते आणि टाय कुठे आहे ते बघते.